कोण जाळायलंय?

मान वर, नाकपुड्या फुगलेल्या, एक डोळा बारीक. अंगात बनियन, गळ्यात पांढरा टॉवेल. दिवाळी सरली की आमच्या गल्लीची सकाळ या दर्शनानं सुरू व्हायची. जॉबरमामा आपल्या पायरीवर उभे राहायचे, चारी दिशांना हुंगायचे आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "कोण जाळायलंय?"

उत्तर कुणी देत नसे. दिलं की तुम्ही संशयित. मग मामा पायरी उतरून तुमच्या अंगणात येणार, कोपऱ्यातली राख पायानं उकरणार आणि "हे कालचं की आजचं?" म्हणून विचारणार. माझ्या तुळशीपुढची उदबत्तीची राखसुद्धा त्यांनी एकदा बोटानं चोळून पाहिली होती.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. दूधवाल्यासमोरच दूध बोटावर घेऊन बघणारा, गॅसची टाकी आली की हलवून बघणारा. आमचे मामा या सगळ्यांचे गुरू शोभले असते. पण त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ते जॉबर होते. माग बंद पडला की तो दुरुस्त करणारा तो जॉबर. जन्मभर तेच केलं. मागावर दोष आला की तो कुठल्या तरी धाग्यात असतोच, हुडकला की सापडतोच. निवृत्त झाल्यावर माग राहिले तिकडं आणि हुडकायची सवय तेवढी घरी आली.

माझी त्याच गल्लीत, मामांच्या भिंतीला भिंत लागून, पिठाची गिरणी. नवरा गेल्यापासून मीच चालवते. गिरणीवर सगळ्या गल्लीची दळणं येतात आणि दळणाबरोबर सगळ्या गल्लीच्या बातम्याही येतात, त्यामुळं मामांचा आज कुणावर वहीम आहे हे मला चहाच्या आधी कळायचं.

आमची वस्ती शहराच्या टोकाला. अलीकडं मागवाल्यांच्या चाळी, पलीकडं उसाची आणि तुरीची रानं. पावसाळ्यात हवा अशी की पिऊन घ्यावी. उन्हाळ्यात धूळ, पण ती निदान दिसते तरी. खरा छळ थंडीत. ऊसतोड सुरू झाली की रानात पाचट पेटतं, वीटभट्ट्या लागतात आणि सकाळी तो सगळा धूर थंडीनं खाली बसून गल्लीत मुक्काम करतो. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीच्या काळ्या काड्या पडतात. झटकायला जावं तर फासल्या जातात. बायका रोज नव्यानं शिव्या घालतात.

मामांचे संशयित ठरलेले होते. पहिला उसाचा शेतकरी, दुसरा वीटभट्टीवाला, तिसरा मागच्या बाजूचा ढाबा आणि चौथी मी.

"अहो मामा, गिरणीतून धूर निघतो का कधी? वीज आहे तिला," मी एकदा म्हटलं.

"धूर न्हाय, पण पीठ उडतंय की. ते छातीत जातंय."

"पीठ पांढरं असतं. तुमच्या टॉवेलवर काळं पडतंय."

"पांढरं तुमचं. काळं कुणाचं ते बगतो," असं म्हणून मामा निघाले. म्हणजे मी सुटले नाहीच, फक्त माझा गुन्हा वेगळा नोंदवला गेला.

एकदा पाचट पेटवणाऱ्याला रंगेहाथ धरायचं म्हणून मामा सायकल मारत रानात गेले. शेतकरी बांधावरच उभा होता. मामांनी तावातावानं विचारलं, "तुमी जाळायलाव व्हय?"

"व्हय, मीच. दिसंना व्हय?" तो शांतपणे म्हणाला. "आन मामा, तुमच्या कारखान्याचं रंगाचं पाणी माज्या वढ्याला येतंय, एक दिस लाल, एक दिस हिरवं, ते कोण सोडतंय वो?"

मामांनी सायकल वळवली. शेतकऱ्यानं वर आणखी तुरीच्या शेंगा ओंजळीनं पिशवीत घातल्या. परत आल्यावर मामा मला म्हणाले, "गोड बोलून शेंगा दिल्या. म्हणजे मनात काय तर हाय." शेंगा मात्र उकडून खाल्ल्या.

हे सगळं आम्हाला करमणुकीचं वाटायचं. पण ज्या घरात हा माणूस राहायचा त्या घरात मामींना दमा होता. बारीक अंगाची बाई, घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि बोलताना दर दोन वाक्यांनी थांबणारी. मी आधी समजायचे की ती विचार करून बोलते. अहो, कसला विचार? श्वास घ्यायला थांबायची बिचारी. थंडी लागली की छातीतून बारीक शिट्टी वाजायची, पंप ओढायची आणि भिंतीला टेकून बसून राहायची. मामा शेजारी उकिडवे बसून पाठ चोळायचे आणि आपल्या भाषेत "पोगा, पोगा" म्हणून पुटपुटायचे. म्हणजे धूर. तेव्हा त्यांच्या तोंडाकडं बघवत नसे. मग कळायचं की सकाळी पायरीवर उभा राहून हा माणूस भांडण नाही, मामींचा श्वास कोण चोरतंय ते हुडकतोय.

डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात चूल आहे का?"

"चूल न्हाय, गॅस हाय," मामा म्हणाले. ते खरंच होतं. मग डॉक्टर म्हणाले, धुरापासून जपा. मामांनी जपायला सुरुवात केली. संध्याकाळ झाली की खिडक्यांच्या फटीत, दाराखाली ओले टॉवेल कोंबायचे. सोलापुरात टॉवेलला काय तोटा! बाहेरचा कणभर धूर आत येऊ द्यायचा नाही.

आणि पहाटे उठून मामींच्या अंघोळीसाठी बंब पेटवायचा.

तांब्याचा जुना बंब. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला घेतलेला. मामा चिंचेनं घासून तो असा लख्ख ठेवायचे की त्यात तोंड बघावं. गार पाणी मामींच्या छातीला चालत नाही म्हणून पाणी कढत पाहिजे, आणि ते मामांनीच तापवलेलं पाहिजे. त्यांच्या घरात कुणी कुणाला प्रेमाचा शब्द बोलल्याचं मी कधी ऐकलं नाही. बादली भरून झाली की मामा न्हाणीच्या दाराशी घसा खाकरायचे. तेवढाच निरोप. मामी उठायच्या.

बंबात काय घालायचे? मागावरचं वेस्ट. तुटकं सूत, टॉवेलच्या कापलेल्या कडा, रंगीत धाग्यांचे गुंते. कारखान्यातून पोतं भरून सायकलला बांधून आणायचे. सकाळी सकाळी पोतं घेऊन येणारा माणूस बघून मला वाटायचं, हा नक्की कारखान्यातून काही तरी ढापून आणतो. एकदा मी मुद्दाम रस्त्यात थांबवून पोत्याला हात लावून पाहिला. नुसत्या चिंध्या! मामांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू म्हणतायत, शिका, शिका. संशयाची लागण होते हो.

आता तुम्ही म्हणाल, मग कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? अहो, आमच्या वस्तीत अर्ध्या घरांत बंब वेस्टवरच तापतो. वाडवडिलांपासून तसंच चालू आहे. त्या आंबूस वासाला आम्ही धूर म्हणतच नाही. तो अंघोळीचा वास. तो आला की मुलांना कळतं, उठायला पाहिजे. मामांचं अवघं आयुष्य त्या सुतात गेलं. जगातला प्रत्येक धूर त्यांच्या नाकाला कळायचा, हा एक सोडून. आणि माझं नाक तरी कुठं शहाणं होतं?

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो मामा गावाला गेल्यावर. त्यांची लेक केम गावात दिली होती, तिच्याकडं बारसं होतं. मामींना प्रवास झेपणार नाही म्हणून मामा एकटेच रेल्वेनं गेले. जाताना गल्लीभर बजावून गेले, मी न्हाय म्हणून कुणी काय जाळायचं न्हाय. झालं उलटंच. त्याच आठवड्यात आजूबाजूची सगळी रानं एकदम पेटली. सकाळी गिरणीतून समोरचं दार दिसत नव्हतं. माझेही डोळे चुरचुरत होते. मी घाबरून मामींकडं धावले, म्हटलं या बाईचं काय झालं असेल.

मामी ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. आणि बोलत होत्या, न थांबता! शिट्टी नाही, पंप नाही. "सकाळची अंघोळ?" मी विचारलं. म्हणाल्या, "ते न्हाईत ना. दुपारी उन्हात बादली ठेवते, कोमट होते तेवढी."

मी तिथंच उभी राहिले. न्हाणी आणि मामींची खोली यांच्यामध्ये एक पडदा, बस्स. खिडक्यांच्या फटीत टॉवेल. आणि आत रोज पहाटे रंगीत सुताचा धूर.

"मामी," मी म्हटलं, "अहो, तो बंब..."

"मला ठाऊक हाय," मामी मेथीवरची नजर न काढता म्हणाल्या.

"ठाऊक आहे? कधीपासून?"

"लई दिवस झाले. ते गावाला गेले की मी बरी असते. तेवढं कळत न्हाय व्हय मला?"

मला तिडीकच आली. म्हटलं, तुम्ही जिवावर उदार झालाय का? सांगत का नाही त्यांना?

मामींनी मेथीची जुडी खाली ठेवली. "ताई, माझ्यासाठी ते साऱ्या गावाशी भांडलेत. रोज पहाटे थंडीत उठून माझं पाणी तापवतेत. आता मी म्हणू, तुमच्यामुळंच मला हे होतंय? मी दम्यानं न्हाय मरायची, पण ते त्या शब्दानं मरतील. तुमी बोलू नका. माझी शपथ हाय."

शपथ घालणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग येतो. आपण मोकळे होतात आणि दुसऱ्याच्या गळ्यात धोंडा बांधतात. पण बोलले नाही. आडवळणानं एक प्रयत्न केला. मामा परत आल्यावर म्हटलं, "मामा, अलीकडं लोक गॅसवरच पाणी तापवतात. बरं पडतं."

मामांचा एक डोळा बारीक झाला. "का? गॅस एजन्सीवाला कोण लागतो तुमचा?"

घ्या!

पुढं थंडी वाढली आणि एका सकाळी मामींना असा दम लागला की ओठ निळे पडले. मी गिरणी तशीच चालू सोडून धावले. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लावला. मामा बाहेरच्या बाकावर बसले होते, बनियनवरच, गळ्यात तो टॉवेल. म्हणाले, "ताई, ज्यानं हे केलंय ना, त्याला मी सोडणार न्हाय. पायावर डोकं ठेवायला लावतो तिच्या."

माझ्या जिभेवर शब्द आला होता. देवाशपथ सांगते, आला होता. काचेतून आत मामी दिसत होत्या, तोंडावर नळी, आणि डोळे थेट माझ्याकडं. मी उठून पाणी प्यायला गेले.

मामी घरी आल्या आणि मामांनी सापळा लावला. चार नवेकोरे पांढरे टॉवेल घेतले. एक पुढच्या दारात, शेतकऱ्याच्या दिशेला. एक गच्चीवर, वीटभट्टीच्या दिशेला. एक माझ्या गिरणीकडच्या भिंतीवर. आणि एक मागं न्हाणीजवळच्या दोरीवर, ढाब्याच्या दिशेला. ज्या दिशेचा टॉवेल जास्त काळा, तो चोर. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर गल्लीला बोलावून टॉवेल काढले. शेताकडचा मळका, भट्टीकडचा मळका, माझ्याकडचा पिठानं आणखीच पांढरा. मागचा मात्र काळाकुट्ट.

"ढाबा!" मामा ओरडले आणि तो टॉवेल झेंड्यासारखा धरून निघाले. आम्ही मागोमाग. ढाब्याला कुलूप. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "मालकाच्या घरी लगीन हाय, मामा. आठवडा झाला, भट्टी थंडच हाय की."

मामा परत फिरले ते थेट माझ्यासमोर. "तुमी टॉवेल बदलला."

"मी? मला काय वेड लागलंय?"

"मग कोणी बदलला?"

"परत लावा आणि राखण करा," मी रागाच्या भरात बोलून गेले. बोलून गेले आणि जीभ चावली.

त्यांनी तसंच केलं. दुसऱ्या दिवशी नवा टॉवेल बांधला, नेहमीसारखा बंब पेटवला, आणि मागच्या अंगणात स्टूल टाकून टॉवेलवर डोळा ठेवून बसले. उजाडत होतं. मी माझ्या भिंतीआडून बघत होते. न्हाणीच्या झरोक्यातून धूर निघाला. हळूहळू आला आणि टॉवेलवरून गेला. मागून एक काळी काडी आली, टॉवेलला चिकटली. मामांनी झरोक्याकडं बघितलं. टॉवेलकडं बघितलं. आतून मामींच्या खोकल्याचा आवाज आला. मामा उठले. आत गेले, बादलीभर पाणी बंबाच्या नळीत ओतलं, आणि फुस्स करून सगळं विझलं.

त्या दिवशी गल्लीत कुणी भांडलं नाही. दुपारी मामांनी तो बंब एकट्यानं उचलून गच्चीवर नेला आणि कोपऱ्यात ठेवला. खिडक्यांतले टॉवेल काढले. तेव्हापासून मामींचं पाणी गॅसवर तापायचं, तेही मामाच तापवायचे, आणि घसाही तसाच खाकरायचे. मामींना दम लागायचा, नाही असं नाही, रानातला धूर काय थांबणार होता? पण दवाखान्याची वेळ परत आली नाही.

मात्र मामा पायरीवर येईनासे झाले. धूर असो नसो, "कोण जाळायलंय?" बंद. शेतकरी दळणाला आला तर मला विचारून गेला, "मामा बरं हायती नव्हं? कोण भांडाया येईना."

एक दिवस ज्वारीचा डबा घेऊन मामा गिरणीत आले. डबा ठेवला, पण गेले नाहीत.

"ताई, तुमाला म्हाईत होतं?"

आता खोटं बोलून काय उपयोग? मी मान हलवली.

"आन तिला?"

गिरणीचा पट्टा फिरत होता. मी ज्वारी ओतता ओतता म्हटलं, "मामींना कुठलं कळतंय हो? त्या बिचाऱ्या उसालाच शिव्या घालत होत्या."

मामांनी माझ्याकडं बघितलं. संशयिताकडं बघायचे, तसं. मला वाटलं, आता डोळा बारीक होणार, आता पकडलं. पण डोळा बारीक झाला नाही. त्यात पाणी आलं. "व्हय," ते म्हणाले, "तिला कुठलं कळतंय." आणि डबा तिथंच विसरून गेले. जन्मभर सख्ख्या सावलीवर वहीम घेणाऱ्या माणसानं त्या दिवशी माझं एवढं ढळढळीत खोटं मानून घेतलं. ते मानून घेतलं की खरंच पटलं, हे मला आजही ठरवता येत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मामा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. लेक केमला चल म्हणाली, मामी गेल्या नाहीत.

मग परत थंडी आली. एका सकाळी मी गिरणीचं दार उघडलं आणि नाकात तो वास शिरला. आंबूस, सुताचा. मामांच्या मागच्या अंगणातून. माझ्या नकळत माझ्याच तोंडातून खणखणीत आवाज निघाला, "कोण जाळायलंय?"

"मी हाय," भिंतीपलीकडून मामी म्हणाल्या.

मी धावतच गेले. बंब गच्चीवरून खाली आणलेला, चिंचेनं घासलेला. मामी समोर पाटावर बसलेल्या, नाकाला पदर नाही, काही नाही. नळीत मूठभर रंगीत सूत जळत होतं आणि छातीतून बारीक शिट्टी वाजत होती.

"अहो मामी, मरायचंय का?" मी ओरडले आणि तांब्या शोधायला लागले.

"ओतू नका. एवढंच हाय. घरात त्यांचा वास राहिला न्हाय, ताई. कपड्याला न्हाय, उशीला न्हाय. हाच एक राहिला होता."

मी तांब्या खाली ठेवला आणि त्यांच्या शेजारी फरशीवर बसले. आम्ही दोघी त्या घाण धुरात बसून राहिलो. डोळ्यांतून पाणी येत होतं, धुराचंही होतं आणि आमचंही. मूठभर सूत, कितीसा वेळ जळणार? विझलं.

मामींनी पंप ओढला. मग उठून आत गेल्या आणि वेस्टचं अर्धं राहिलेलं पोतं ओढत बाहेर आल्या. ते माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "हे तुमच्याकडं ठेवा. मी मागायला आले तरी देऊ नका."

"का हो?"

"माझा भरवसा न्हाय," मामी म्हणाल्या.

ते पोतं माझ्या गिरणीत दाराआड आहे. मामी दळणाला आल्या की एकदा तिकडं बघतात, आणि मी पोत्यासमोर जाऊन उभी राहते.